आयर्विनला किती फूट

जानेवारी संपत आला की बारावीचं इंग्रजी उजळणीला लागतं. नवीन काही शिकवायचं नसतं, झालेलंच परत हाताखालून घालायचं असतं. आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी फळ्याच्या उजव्या बाजूला एक यादी लिहून ठेवते आणि ती महिनाभर पुसायची नाही असं वर्गाला बजावते. आधी इंग्रजीतले अलंकार: सिमिली (उपमा), मेटाफर (रूपक), पर्सॉनिफिकेशन, अ‍ॅपॉस्ट्रॉफी, अ‍ॅन्टिथिसिस, ट्रान्सफर्ड एपिथेट, ऑनोमॅटोपिया. त्याखाली एक रेघ आणि मग साहित्यप्रकार. त्याखाली आणखी एक रेघ आणि उताऱ्याच्या रचनेचे पाच प्रकार: वर्णन, क्रम, कारण-परिणाम, तुलना, समस्या-उपाय.

वर्गात मिरज, तासगाव, पलूस, जत अशी सगळीकडची मुलं असतात. बरीच सकाळच्या एसटीनं येतात. त्यातल्या बहुतेकांची दहावीपर्यंतची शाळा मराठी माध्यमातली. या यादीकडं ती दवाखान्यातल्या तपासण्यांच्या कागदाकडं बघावं तशी बघतात, म्हणजे आपल्याला काहीतरी झालंय आणि त्याचं नाव या कागदावर आहे.

कवितेच्या रसग्रहणात अलंकार ओळखून स्पष्ट करायचा असतो. ओळखायला मुलं लवकर शिकतात. स्पष्टीकरण मात्र सगळ्यांचं एकच असतं: 'लाइक' हा शब्द आलाय, म्हणून सिमिली. गुण मिळतात, पण मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. 'लाइक' आलाय हे तर माझ्या चौथीतल्या भाचीलाही दिसतं. कवीनं या दोन गोष्टी एकमेकींशेजारी का बसवल्या, ते कुठं सांगितलं?

यावरचं औषध मला मराठीच्या तासाला सापडलं, आणि ते मी इंग्रजीच्या वर्गात बिनधास्त वापरते. आपल्याकडं उपमेची चार अंगं शिकवतात. उपमेय, उपमान, साधर्म्यवाचक शब्द आणि साधारण धर्म. इंग्रजी समीक्षेत उपमेय-उपमानाला 'टेनर' आणि 'व्हेइकल' ही नावं आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ साली दिली. आपल्याकडं नाट्यशास्त्रात भरतमुनींनी चारच अलंकार सांगितले, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, आणि पुढं शतकानुशतकं या उपमेची चिरफाड चालू राहिली. मला यातलं चौथं अंग फार मोलाचं वाटतं. साधारण धर्म, म्हणजे दोघांत सारखं काय आहे? 'सारखा' किंवा 'लाइक' हा तिसऱ्या अंगाचा शब्द. मुलं तिसऱ्यापाशी थांबतात. मी त्यांना चौथ्यापर्यंत ओढत नेते.

यंदा एका मुलानं स्वतःचं उदाहरण दिलं. उसाचं रान समुद्रासारखं. मी विचारलं, साधारण धर्म कोणता? तो म्हणाला, हिरवं. मग त्यालाच पटेना, समुद्र कुठं हिरवा असतो? दुसरा म्हणाला, वारा आला की लाट जाते. हे बरं होतं. मग वाळव्याकडचा एक मुलगा, जो सहसा बोलत नाही, बसूनच म्हणाला, "मॅडम, आत शिरलं की दिशा कळत न्हाई." वर्ग एकदम शांत झाला, कारण उसात वाट चुकल्याचा अनुभव निम्म्या वर्गाला होता. समुद्र मात्र निम्म्यांनी बघितलेला नव्हता. उपमानच न बघितलेलं असेल तर उपमा दुसऱ्याच्या तोंडून उसनी आलेली असते. मी म्हटलं, आता बघितलेल्या वस्तूची द्या.

त्यावर हरिपूरकडच्या एका मुलीनं जी उपमा दिली ती मी वहीत लिहून ठेवलीय. तिनं आधी मराठीत सांगितली, मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं इंग्रजी केलं. "आमच्या आजोबांचा राग हळदीच्या पेवासारखा आहे."

बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. सांगलीच्या हळदीचा व्यापार जुना. हरिपूर आणि सांगलीवाडीच्या बाजूला जमिनीत खोल खड्डे घेऊन हळद साठवत, त्याला पेव म्हणतात. तोंड बंद केलं की हळद आत वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं गेली, पण शब्द आणि आठवणी अजून घराघरांत आहेत.

मी विचारलं, साधारण धर्म? मला वाटलं ती म्हणेल, खोल. ती म्हणाली, "उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, मॅडम. आत हवा नसते. थांबायचं. मग उतरायचं." आजोबांनी तोंड उघडलं की घरातले सगळे थोडा वेळ बाजूला होतात, मग आजी आत जाते.

पाठ्यपुस्तकातली एकही सिमिली मला इतकी पूर्ण वाटलेली नाही. चारही अंगं जागेवर, आणि चौथं असं की उपमान काढून घेतलं तर आजोबाच कळणार नाहीत. त्या तासाला मी पुढं काही शिकवलं नाही. मेटाफरसाठी एवढंच सांगितलं की आता यातला 'सारखा' काढा आणि म्हणून बघा: आजोबांचा राग म्हणजे पेव. कुठं जास्त भीती वाटते ते तुम्हीच ठरवा.

व्याख्या पाठ करू नका असं हल्ली सगळे सांगतात. मी तसं सांगत नाही. नावं पाठ असावीत. ज्याला नाव नाही त्याच्यावर दोघांना वाद घालता येत नाही. बांधावर उभं राहून 'ते तिकडचं झाड' म्हणत बसण्यापेक्षा बाभळ की बोर हे एका शब्दात सांगितलं की पुढचं बोलणं सुरू होतं. माझी तक्रार फक्त नावापाशी थांबण्याबद्दल आहे, आणि ती तक्रार माझ्या स्वतःच्या शाळेपासूनची आहे.

आम्ही तासगाव तालुक्यातले. हायस्कूलला असताना एका चाचणीत कवितेची ओळ होती, कवी वाऱ्याला काहीतरी विचारतो अशी. मी पर्सॉनिफिकेशन लिहिलं. त्यावर तांबडी रेघ आली आणि शेजारी दुसरा शब्द, अ‍ॅपॉस्ट्रॉफी. मला दोन्हींतला फरक कळेना. वाऱ्याला विचारलं म्हणजे त्याला माणूसच केलं की. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "हाक मारली की अ‍ॅपॉस्ट्रॉफी. पाठ कर." मी पाठ केलं. तो शब्द कितीतरी दिवस घशात काट्यासारखा अडकून राहिला.

काटा निघाला तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. आमच्या घरी तोवर गिरणीचं पीठ यायचं, पण आजी सणावाराला थोडं जात्यावर दळायची. पहाटे मी अंथरुणातच होते. जात्याची घरघर आणि त्यावर तिचा आवाज. तिच्या स्वतःच्या ओव्या होत्या, कुठं लिहिलेल्या नाहीत. त्यातली ही एक:

माझ्या माहेराची वाट, किती बघू मी वळूनी
सांग जोंधळ्या रे राजा, गेला बंधू का इथूनी

आजीचा भाऊ ती तरुण असतानाच वारला होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी पडल्या पडल्या विचार करत होते की ती जोंधळ्याला का विचारते. घरात सासू होती, जावा होत्या, दीर होते. पण मेलेल्या भावाबद्दल सासरी कुणाला विचारणार? जोंधळ्याला माणूस करायची तिला हौस नव्हती. माणसांना विचारायची सोय नव्हती म्हणून ती जोंधळ्याकडं वळली.

पुढं एम. ए.ला असताना कोशात वाचलं की अ‍ॅपॉस्ट्रॉफी या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'पाठ फिरवणं, दुसरीकडं वळणं' असा आहे. भाषण करणारा समोरच्या न्यायाधीशांवरून तोंड फिरवून दुसऱ्याच कुणाला तरी, समोर नसलेल्यालाही, हाक मारतो. वाचून मी कोश मिटला आणि बराच वेळ तशीच बसले. आजी जात्यापाशी बसून सगळ्या घराकडं पाठ करायची. पर्सॉनिफिकेशनमध्ये वस्तूबद्दल बोलतात, इथं वस्तूशी बोलतात, हे तर झालंच. पण मी मुलांना आता याच्यापुढचा प्रश्न विचारते: कवीनं हाक मारली, मग त्यानं पाठ कुणाकडं फिरवली? या प्रश्नावर मुलं विचारात पडतात आणि उत्तरं चांगली देतात.

यमकांची रचना, ए-बी-ए-बी वगैरे, मी एका तासात उरकते. ते मोजायचं काम आहे आणि मुलं ते बिनचूक करतात. ट्रान्सफर्ड एपिथेटला थोडा जास्त वेळ लागतो, कारण मराठीच्या शालेय यादीत तो वेगळा अलंकार म्हणून येत नाही. 'उपाशी दुपार' म्हटलं की कळतं. दुपार उपाशी नसते, माणूस असतो. पण विशेषण दुपारला चिकटवलं की सगळं घर, चूल, अंगण, कुत्रंसुद्धा उपाशी दिसायला लागतं. एवढं पुरतं.

साहित्यप्रकार हा भाग मुलांना सगळ्यात परका वाटतो. अकरावीला नाटक, बारावीला कादंबरी, आणि दोन्हींचा इतिहास इंग्लंडचा. शेक्सपिअर, मग पुढचे. हा इतिहास शिकवायलाच हवा आणि मी तो मनापासून शिकवते. पण सांगलीच्या वर्गात बसून नाटक म्हणजे काय हे फक्त लंडनहून शिकायचं हे मला सहन होत नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला याच गावात विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्याच्या आधीच्या वर्षी कानडी मुलखातून भागवत मंडळींचे खेळ इथं झाले होते. ते बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं. भाव्यांच्या नाटकात पद्यं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापलं गद्य आयत्या वेळी बोलायची. म्हणजे आज आपण ज्याला 'स्क्रिप्ट' म्हणतो ते त्या नाटकाला नव्हतंच. मग ते नाटक होतं का? हा प्रश्न मी वर्गात टाकते आणि बाजूला उभी राहते. साहित्यप्रकार हा साचा नसून एकाकडून दुसऱ्याकडं गेलेली चाल आहे, आणि जाताना ती थोडी बदलते, हे मुलं या वादातून आपोआप बोलू लागतात. तमाशा बघितलेली मुलं गण, गवळण, बतावणी, वग असा क्रम सांगतात. त्यांना रचना शिकवावी लागत नाही, इंग्रजी नाव तेवढं द्यावं लागतं.

कादंबरीच्या तासाला यंदा एक छान गोष्ट घडली. इंग्रजीतला 'नॉव्हेल' हा शब्द 'नवं' या अर्थाच्या मुळापासून आला. आपला शब्द आला तो सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेवरून. एका पुस्तकाचं, खरं तर त्यातल्या नायिकेचं नाव, आणि ते सगळ्या जातीचं नाव होऊन बसलं. त्यांनी नवेपणावरून नाव ठेवलं, आपण जुन्या ओळखीवरून. हे मी सांगत होते तेवढ्यात जतकडची एक मुलगी, जिच्या घरी कन्नड बोलतात, म्हणाली, "मॅडम, आमच्यातपण कादंबरीच म्हणत्यात." वर्गातल्या बऱ्याच जणांना तोवर वाटत होतं की ही मुलगी दोन भाषा ओलांडून इंग्रजीपर्यंत आलीय. त्या दिवशी तिच्या घरातला शब्द फळ्यावर होता.

आता यादीतला तिसरा भाग, उताऱ्याची रचना. नोट-मेकिंगसाठी ती लागते. उतारा हाती आला की त्याची हाडं आधी बघा, मांस नंतर, असं मी सांगते. 'बिकॉज', 'अ‍ॅज अ रिझल्ट' दिसलं की कारण-परिणाम. 'फर्स्ट, नेक्स्ट, फायनली' दिसलं की क्रम. या खुणेच्या शब्दांना सिग्नल वर्ड्स म्हणतात. इथंही मुलं खुणेपाशी थांबतात, म्हणून मी त्यांना एकच विषय देऊन हवी ती रचना निवडायला सांगते. यंदा विषय दिला: २०१९ चा महापूर. तेव्हा ही मुलं शाळेत होती.

सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना 'काय चाललंय' विचारत नाहीत. 'आयर्विनला किती फूट?' विचारतात. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजली जाते. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे इथल्या पोराटोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं. २०१९ ला ५७ च्याही वर.

बऱ्याच जणांनी कारण-परिणाम निवडला. कोयना धरणातून सोडलेलं पाणी, हरिपूरजवळ कृष्णेला मिळणारी वारणा, पूरपट्ट्यात झालेली बांधकामं, खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण. आणि लगेच भांडण सुरू झालं, कारण कुठलं कारण पहिलं लिहायचं यावर दोष कुणाचा ते ठरत होतं. मला हे भांडण हवंच होतं. रचना निवडली की बाजू निवडली जाते, हे एरवी कितीही सांगितलं तरी कळत नाही. एकानं समस्या-उपाय लिहिला, नीटनेटका, शेवटी पाच सूचना.

एका मुलीनं क्रम निवडला. तिचं घर नदीच्या बाजूला आहे. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं आहे. तिच्या परिच्छेदात 'फर्स्ट' नव्हतं, 'नेक्स्ट' नव्हतं, एक तारीख नव्हती, वार नव्हता. मराठीत सांगायचं तर तो साधारण असा होता:

"४५ फुटांना पप्पांनी गाडी विश्रामबागला मावशीकडे लावली. ४८ ला शेजारचे गेले. ५० ला आईनं गादी माळ्यावर टाकली. आजी हसली. ५२ ला आजी म्हणाली, २००५ ला पाणी उंबऱ्याला टेकलं आणि परत गेलं, नदी आपलं घर ओळखते. ५३ ला पाणी उंबऱ्याला टेकलं. आजी काही बोलली नाही. ५४ ला बोट आली."

मी तो वर्गात मोठ्यानं वाचला. एक मुलगा म्हणाला, यात सिग्नल वर्ड्स नाहीत. दुसरा म्हणाला, आहेत की, फूट हेच सिग्नल वर्ड्स. त्या आठवड्यात सांगलीत कुणालाच वार ठाऊक नव्हता. सगळं गाव फुटांवर जगत होतं. कुणी कधी निघालं, कुठं पोचलं, काय राहिलं, सगळं फुटांत सांगितलं जायचं. त्या मुलीनं जो काळ जगला त्याच काळात लिहिलं.

फळ्यावर आदल्या दिवशीची आकृती होती, गुस्टाव्ह फ्रायटाग यांनी १८६३ साली मांडलेला नाटकाचा पिरॅमिड. चढती बाजू, शिखर, उतरती बाजू. मी तिला विचारलं, तुझ्या परिच्छेदातला क्लायमॅक्स कुठं? वर्गातून दोघंतिघं ओरडले, ५७ ला! सरळच होतं, पाणी सगळ्यात उंच तिथं होतं. ती म्हणाली, "नाही मॅडम. ५३ ला. आजी गप्प बसली तिथं."

कुणीतरी म्हणालं, पण पाणी तर अजून चढणार होतं. ती म्हणाली, "चढू दे की. आमचं ठरलं होतं."

शिखर म्हणजे उंची नाही, जिथून गोष्ट मागं फिरू शकत नाही ती जागा, हे वाक्य मी कितीतरी वर्षं बोलत आलेय. आपल्या नाट्यशास्त्रातल्या पाच संधींतला, म्हणजे कथानकाच्या पाच टप्प्यांतला, 'गर्भ' हा मधला संधी शिकवतानाही बोलते. पण ते वाक्य मला त्या दिवशी उच्चारायची गरज पडली नाही. ज्यांनी ५७ म्हटलं होतं त्यांनी वहीतला आकडा खोडून ५३ केला. मी करा म्हटलं नव्हतं.

मी तिला एवढंच सांगितलं की उतरती बाजू राहिलीय, ती घरून लिहून आण. दुसऱ्या दिवशी वही आली. पाणी उतरतानाचं तिनं तीन ओळींत उरकलं होतं. ५० ला उंबरा दिसला. ४६ ला आजी चिखलात बसून तिची पत्र्याची पेटी धुत होती, आतली लुगडी एकमेकांना चिकटली होती. ४० ला शाळेतल्या छावणीतून सगळे परत आले.

त्याखाली एक ओळ जागा सोडून तिनं शेवटचं वाक्य लिहिलं होतं. तिथं मात्र, आजीच्या तोंडचं २००५ सोडलं तर पहिल्यांदाच, साल घातलं होतं:

"२०२१ ला ४५ फुटांना गादी आजीनंच उचलली. तिला कुणी सांगितलं नव्हतं."